पोतं, ओळखपत्र आणि करार: दबावगट कसा बांधायचा, धोरण कसं बदलून घ्यायचं

पाठीवर पोतं घेऊन कचरा वेचत चाललेल्या बाईला पूर्वी कुणीही हटकायचं. पोत्यात तांब्याची तार निघाली की "कुठनं उचललीस?" हा पहिला प्रश्न. तिच्याकडे उत्तर असायचं, पुरावा नसायचा. १९९५-९६ च्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी मान्यता दिलेली ओळखपत्रं या बायकांच्या हातात पडली. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून, पैशांच्या बटव्यासोबत जपलेलं ते कार्ड हटकणाऱ्यासमोर धरता येऊ लागलं. कार्डावर फोटो, नाव आणि संघटनेचा शिक्का, पाठीशी महापालिकेची मान्यता.

सार्वजनिक धोरण म्हणजे काय, हे मला त्या कार्डावरून कळलं. विधानसभेत विधेयक मंजूर होतं तेवढंच धोरण नसतं. महापालिकेने कुणाला कामगार मानायचं, कुठल्या कामाला पैसे द्यायचे, कुणाच्या सहीने काय अडेल आणि काय सुटेल, हे सगळं धोरणच असतं. ते आपोआप बदलत नाही. ज्यांचं त्यात काही अडकलेलं आहे ती माणसं एकत्र येतात, योग्य टेबलापर्यंत पोचतात आणि तिथे टिकून राहतात, तेव्हा ते बदलतं. पाठ्यपुस्तकात अशा गटाला हितसंबंधी गट किंवा दबावगट म्हणतात. "दबाव" या शब्दाने बिचकू नका. साखर कारखानदार, बिल्डर, औषध कंपन्या यांचे दबावगट रोज काम करत असतात. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांनी हे काम शिकून घेतलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

उदाहरण मुख्यतः पुण्यातल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं, म्हणजे या कचरावेचकांच्या संघटनेचं घेतो, कारण त्यात जवळजवळ सगळ्या पायऱ्या स्पष्ट दिसतात.

आधी प्रश्नाला नाव द्या

१९९० च्या सुमारास पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये काम करू लागल्या. सुरुवात साक्षरतेपासून झाली. पण बायकांची खरी अडचण अक्षरओळखीची नव्हती. उकिरड्यात हात घालून माल शोधावा लागतो, घरातूनच ओला-सुका वेगळा मिळाला तर काम स्वच्छ होईल आणि दोन पैसे जास्त सुटतील, ही ती अडचण होती. दारोदार जाऊन वेगळा केलेला कचरा गोळा करण्याचा प्रयोग सुरू झाला. तो जमतोय असं दिसल्यावर तेच काम गाडी लावून करायला एक खाजगी माणूस पुढे आला, आणि बायकांच्या लक्षात आलं की ज्याला सगळे घाण म्हणतात त्यावर हक्क सांगणारे दुसरेही आहेत. गट बहुतेक वेळा असाच जन्माला येतो. वर्षानुवर्षं सोसलेल्या हालांपेक्षा हातातलं काही जाणार ही भीती माणसांना लवकर एकत्र आणते.

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. डॉ. बाबा आढाव यांचा पाठिंबा आणि हमाल पंचायतीचा अनुभव मागे होता. आठशेहून अधिक जण आले. तिथून जी संघटना उभी राहिली तिचं नाव बघा: कागद, काच, पत्रा. "कचरा" हा शब्दच नावात नाही. जे वेचलं जातं त्याला बाजारात भाव आहे, हे नावानेच सांगितलं. पुढे "कष्टकरी", म्हणजे हे भीक मागणं नाही, काम आहे. आणि "पंचायत", म्हणजे निर्णय सभासदांचे. पुढची पंधरा-वीस वर्षं संघटना जे महापालिकेला पटवत राहिली ते सगळं या पाच शब्दांत होतं.

तुमच्या गटाचं हेच पहिलं काम. एका कागदावर तीन ओळी लिहा: आपण कोण आहोत, आपलं नेमकं काय अडतंय, आणि ते सुटल्याने इतरांचा काय फायदा होईल. तिसरी ओळ सुचत नसेल तर थांबा, पुन्हा बसा. "आमच्यावर अन्याय होतो" एवढ्यावर सहानुभूती मिळते, तरतूद मिळत नाही. "आम्ही शहराचं अमुक काम करतो आणि त्याचा मोबदला कुणी देत नाही" असं मांडलं की समोरच्याला हिशेब करावा लागतो.

माणसं जमवणं, आणि फुकट्यांचा प्रश्न

पहिल्या सभेला शंभर येतात, तिसऱ्या सभेला बारा. नाउमेद होऊ नका, ते बारा जपा. पण एक अडचण समजून घ्या, कारण तिच्यामुळे बहुतेक गट मोडतात. फेरीवाल्यांना जागा मिळाली तर ती सगळ्यांनाच मिळणार, मोर्चाला गेलेल्यालाही आणि न गेलेल्यालाही. मग धंद्याचा दिवस मोडून मी का जाऊ, असं प्रत्येकाला वाटतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणून त्याला नावं ठेवून उपयोग नाही. हातावर पोट असलेल्या माणसाचा तो सरळ हिशेब आहे.

म्हणूनच मोठ्या संख्येच्या गटापेक्षा छोट्या गटाला संघटित होणं सोपं जातं. ज्यांचे प्रत्येकी कोट्यवधी रुपये अडकलेत असे वीस-पंचवीस कारखानदार एका फोनवर जमतात. मुंबईच्या गिरणीमालकांनी १८७५ मध्येच आपली संघटना उभी केली होती. ज्या कामगारांची संख्या त्यांच्या हजारपट होती, त्यांच्या संघटनेसाठी नारायण मेघाजी लोखंड्यांना पुढे किती वणवण करावी लागली हे वाचलं की आजही अस्वस्थ व्हायला होतं.

यावर उपाय एकच सापडला आहे: मोठ्या मागणीसोबत सभासदाला रोज हाताला लागेल असं काहीतरी द्या. कष्टकरी पंचायतीत ते ओळखपत्र होतं, नंतर पतसंस्था आली, विमा आला. कार्ड वर्गणी भरणाऱ्या सभासदालाच मिळणार, म्हणून वर्गणी येते. वर्गणी छोटी ठेवा, पण ठेवाच. वीस रुपये भरणारा माणूस सभेत प्रश्न विचारतो आणि फुकट आलेला टाळ्या वाजवून जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सभासदांची नोंदवही पहिल्या दिवसापासून लिहा. नाव, काम, राहण्याचं ठिकाण, किती वर्षं या कामात, घरात खाणारी तोंडं किती. पुढे अधिकारी विचारतो, "तुम्ही किती जण आहात?" तेव्हा "खूप" हे उत्तर चालत नाही. वही टेबलावर ठेवायची. मोर्चातली गर्दी संध्याकाळी घरी जाते, वही तिथेच राहते.

नोंदणी: घाई नको, पण टाळू नका

सात जणांना संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात तिच्यासोबत धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त नोंदणी येते, म्हणजे दरवर्षी ऑडिट आणि कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट. हे सांभाळणारं माणूस गटात नसेल तर संस्था दोन वर्षांत कागदावर आजारी पडते. काम करणाऱ्यांचा गट असेल तर कामगार संघटना हा मार्ग जास्त योग्य, कारण मागणी करणं हाच तिचा कायदेशीर हेतू असतो. नव्या कामगार संहितांमुळे नियम बदलले आहेत, त्यामुळे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात ताजी माहिती घेऊनच अर्ज करा. एकत्र व्यवसाय करायचा असेल तर सहकारी संस्था. तिला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात.

पुण्यातल्या बायकांनी दोन्ही केलं, आणि यात मोठं शहाणपण आहे. कष्टकरी पंचायत ही कामगार संघटना, तिने मागायचं आणि भांडायचं. "स्वच्छ" ही कचरावेचकांची सहकारी संस्था, तिने महापालिकेशी करार करून काम करायचं. भांडणारा हात आणि काम करणारा हात वेगळे असले की एक अडला तरी दुसरा चालू राहतो.

फाईल कुठल्या टेबलावर आहे?

नव्या गटांची सगळ्यात जास्त ताकद इथे वाया जाते. नगरसेवकाच्या हातात नसलेली गोष्ट नगरसेवकाकडे मागतात, आणि आयुक्तांच्या एका सहीत होणाऱ्या कामासाठी मंत्रालय गाठतात. म्हणून मागणी ठरली की आधी विचारा: हे कायद्याने अडलंय, नियमाने, शासन निर्णयाने, की फक्त पैशांच्या तरतुदीने?

कायदा बदलायचा तर विधिमंडळ किंवा संसद. त्याला वर्षं लागतात. नियम कार्यकारी खातं करतं, आणि त्यासाठी बहुतेक वेळा आधी मसुदा प्रसिद्ध होतो. शासन निर्णय, ज्याला सगळे जीआर म्हणतात, तो खात्याच्या पातळीवर निघतो आणि शासनाच्या संकेतस्थळावर सापडतो. तुमच्या विषयावरचे गेल्या दहा वर्षांतले जीआर उतरवून वाचा. निम्म्या वेळा तुम्हाला हवं ते आधीच लिहिलेलं असतं, फक्त कुणी अमलात आणलेलं नसतं. मग मागणी किती सोपी होते बघा: "नवं काही नको, तुमचाच अमुक तारखेचा निर्णय पाळा."

तरतुदीचा प्रश्न असेल तर कॅलेंडर पाहा. महापालिका आयुक्त पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक साधारण जानेवारीच्या आसपास स्थायी समितीपुढे ठेवतात. त्याआधी खात्यांकडून आकडे गोळा होतात. तुमचं निवेदन मार्चमध्ये गेलं तर वर्ष गेलं समजा. दिवाळीच्या आगेमागे खातेप्रमुखाच्या टेबलावर ते असायला हवं. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात. रक्कम छोटी असते, पण नव्या गटासाठी ती उत्तम तालीम आहे. महापालिकांवर प्रशासक असतो तेव्हा स्थायी समितीचे अधिकारही त्याच्याकडे जातात. २०२२ नंतर अनेक शहरांनी हे अनुभवलं. अशा वेळी नगरसेवकांच्या दारात वेळ घालवू नका.

आकडा स्वतः काढा

कष्टकरी पंचायतीच्या वाटचालीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा टप्पा मोर्चाचा नाही, अभ्यासाचा आहे. २००१ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने पुण्यातल्या कचरावेचकांच्या कामाचा अभ्यास झाला. किती कचरा या बायका परस्पर उचलतात, तो महापालिकेला उचलावा लागला असता तर वाहतूक आणि हाताळणीला किती खर्च आला असता, याचा हिशेब मांडला. उत्तर आलं: एक कचरावेचक महिन्याला सुमारे २४६ रुपयांचं काम शहरासाठी फुकट करते.

२४६ रुपये. आज हा आकडा लहान वाटेल, पण त्याने बोलण्याची दिशाच फिरवली. तोपर्यंत बायका महापालिकेकडे मागत होत्या, त्या दिवसापासून महापालिका त्यांची देणेकरी झाली. याच आधारावर २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांचा वैद्यकीय विमा सुरू केला. हप्ता महापालिका भरणार. दया म्हणून दिलेली मदत पुढच्या वर्षी बंद होऊ शकते. केलेल्या कामाच्या बदल्यात मिळालेली सोय बंद करताना कारण द्यावं लागतं.

तुमच्या विषयात असा आकडा असतोच, तो शोधायला हवा. घरकामगार असाल तर तुमच्यामुळे किती घरांतली माणसं नोकरीवर जाऊ शकतात हे वस्तीतल्या दोनशे घरांत विचारा. रिक्षावाले असाल तर स्टँडवर एका दिवसात किती फेऱ्या दवाखान्याच्या झाल्या ते आठवडाभर लिहा. सरकारी आकड्यांसाठी माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तर ३० दिवसांत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत असावा लागतो, म्हणून पाच प्रश्न असतील तर पाच अर्ज करा. "का केलं नाही?" असं विचारू नका. "अमुक वर्षात अमुक लेखाशीर्षाखाली किती तरतूद होती व किती खर्च झाला, त्याच्या नोंदीची प्रत द्यावी" असं विचारा. कागद मागितला की कागद मिळतो. मत मागितलं की अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं.

निवेदन

आमचं पहिलं निवेदन मला आजही आठवतं. एका सरकारी कार्यालयात आम्ही सात-आठ जण गेलो होतो. चार पानं, नऊ मागण्या, शेवटी "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल". अधिकारी बाई भल्या होत्या. चारही पानं त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "यातलं मी नेमकं काय करू?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. नऊपैकी सात गोष्टी त्यांच्या अखत्यारीतच नव्हत्या. उरलेल्या दोन चौथ्या पानावर होत्या.

तेव्हापासून एक पान, एक मागणी. वर विषय आणि संदर्भ, म्हणजे कायद्याचं कलम किंवा जीआरचा क्रमांक आणि तारीख. पहिल्या परिच्छेदात आपण कोण आणि किती. दुसऱ्यात अडचण, आकड्यासह. तिसऱ्यात नेमकं काय हवं, आणि ते अशा भाषेत की अधिकाऱ्याला टिपणी लिहिताना ते वाक्य तसंच उचलता यावं. सोबत आदेशाचा कच्चा मसुदाही जोडा. पुष्कळांना हे आगाऊपणाचं वाटतं, पण बड्या उद्योगांच्या संघटना हेच करतात. अर्थसंकल्पाआधी त्या जी टिपणं देतात त्यांत कुठल्या कलमात कुठला शब्द बदलायचा तेही लिहिलेलं असतं. कामाच्या ढिगाऱ्याखाली बसलेल्या माणसाचं अर्धं काम करून दिलंत तर उरलेलं अर्धं व्हायची शक्यता वाढते.

दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच. आवक क्रमांक, शिक्का, तारीख. मग पंधरा दिवसांनी "आमच्या निवेदनाचं काय झालं?" असं न विचारता "आवक क्रमांक अमुक कुठल्या टेबलावर आहे?" असं विचारा.

अनपेक्षित मित्र

ज्यांचं हित तुमच्याशी जुळतं त्यांचं मन तुमच्याशी जुळलंच पाहिजे असं नाही. इतिहासात याचं मोठं बोलकं उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचं आहे. हिंदुस्थानात कारखाना कायदा व्हावा म्हणून १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गिरणीमालक जोर लावत होते. मुंबईच्या मजुरांच्या कळवळ्यापोटी त्यांचा हा आग्रह नव्हता. मुंबईचं सूत स्वस्त पडत होतं आणि इथले कामाचे तास कमी झाले तर त्यांचा बाजार वाचणार होता. १८८१ चा पहिला कायदा त्या रेट्यातून आला, आणि तोही तोकडा होता. १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या, हजारो सह्यांचं निवेदन तयार केलं: रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. रविवारची सुटी प्रत्यक्षात मिळायला १० जून १८९० उजाडला. मधली सहा वर्षं त्यांनी मागणी बदलली नाही. परक्या भांडवलदाराच्या स्वार्थाने दार किलकिलं झालं असेल, पण आत पाऊल लोखंड्यांनी टाकलं.

पुण्यातही असंच झालं. दारावरून कचरा नेणारी ओळखीची बाई हवी असं सोसायटीतल्या लोकांना वाटतं, कारण त्यांना वेळेवर सेवा मिळते. बायकांना ती कामाची हमी म्हणून हवी असते. २००८ मध्ये "स्वच्छ" आणि महापालिका यांच्यात करार झाला, त्यात घरटी शुल्क थेट कचरावेचकांना मिळायची व्यवस्था झाली. पुढे जेव्हा जेव्हा कराराची मुदत संपत आली आणि ठेकेदाराचं नाव निघालं, तेव्हा बायकांच्या बाजूने नागरिकांनीही आवाज उठवला. तुमची सेवा घेणारा माणूस हा तुमचा पहिला मित्र आहे. त्याला सभेला बोलवा.

विरोधक कोण हेही तितक्याच शांतपणे मांडा. ज्याचं नुकसान होणार तो स्वस्थ बसणार नाही. १९६९ च्या माथाडी कायद्यातून शिकावं ते हे. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली, पण हमालाला एक मालक नाही, तो सकाळी एका व्यापाऱ्याचा आणि दुपारी दुसऱ्याचा, मग भविष्यनिर्वाह निधी कुणी भरायचा? "मालक नाही" ही व्यापाऱ्यांची पळवाट होती. कायद्याने मंडळाची रचना आणली: व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे सोयींसाठीची जादा रक्कम, मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला पगार आणि सोयी द्यायच्या. पळवाट कुठे आहे ते ओळखून तिथेच उपाय बसवला. असंघटित कामगारांसाठीचा तो कायदा आजही अभ्यासण्यासारखा आहे.

सभागृह कसं वापरायचं

आमदाराला भेटलं की तो "बघतो" म्हणतो. त्याला बघायला नेमकं काही द्या. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतो. लक्षवेधी सूचनेवर निवेदन करावं लागतं. प्रश्नाचा मजकूर तुम्ही लिहून न्या, सोबत माहिती अधिकारात मिळालेला कागद. सत्ताधारी आणि विरोधी दोन्ही बाजूंच्या एकेका आमदाराला द्या, म्हणजे विषय पक्षाचा होत नाही.

फारशी कुणी वापरत नाही अशा दोन जागा आहेत. एक, विधिमंडळाची विनंती अर्ज समिती, जिथे नागरिकांचा अर्ज सदस्यामार्फत जातो. दुसरी, आश्वासन समिती. मंत्र्याने सभागृहात "तीन महिन्यांत निर्णय घेऊ" म्हटलं की ते आश्वासन ठरतं आणि ते पाळलं गेलं का हे ही समिती तपासते. त्या दिवशीचं कामकाज मिळवा, वाक्य अधोरेखित करा, फाईलला लावा.

डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात रोज मोर्चे धडकतात, त्यामुळे एखाद्या मोर्चाची बातमी दोन ओळींत संपते. तिकडे जायचं तर प्रश्न आधीच सभागृहात लागलेला असू द्या आणि त्याच दिवशी जा.

रस्त्यावर केव्हा उतरायचं

चर्चेचे दरवाजे ठोठावून झाल्यावर, आणि तुमचं म्हणणं एका दृश्यात सांगता येत असेल तेव्हा. २०१३ मध्ये पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी वापरलेले सॅनिटरी नॅपकिन गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले. रोज उघड्या हातांनी ते वेगळे काढायचं काम त्यांच्या वाट्याला येत होतं. कंपन्यांनी वेष्टन द्यावं, विल्हेवाटीची जबाबदारी घ्यावी, ही मागणी कितीही पानांच्या निवेदनात जमली नसती इतक्या स्पष्टपणे त्या पाकिटांनी मांडली. एप्रिल २०१६ मध्ये केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम आले. त्यांत नॅपकिन आणि डायपरच्या उत्पादकांनी विल्हेवाटीसाठी वेष्टन द्यावं अशी तरतूद आली, आणि स्थानिक संस्थांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यावं हेही आलं.

ही दोन टोकं एकाच आंदोलनाने जोडली असं मी म्हणणार नाही. मधे मसुदे, बैठका आणि देशभरच्या संघटनांची मेहनत होती. मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातात. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे असावा अशी अपेक्षा आहे. या दिवसांत हजार लोकांनी एकच छापील पत्र पाठवण्यापेक्षा दहा जणांनी कलमवार वेगवेगळी हरकत नोंदवावी. "कलम अमुकमध्ये 'करू शकेल' ऐवजी 'करील' असावं" ही एका शब्दाची हरकत कधीकधी अख्खी तरतूद जिवंत ठेवते.

किती सोडायचं

हे शिकवता येत नाही, पण सांगायला हवं. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने दीर्घकाळ झगडा दिला. विरोध होत राहिला, मसुदा पुन्हा पुन्हा बदलला, कलमं गाळली गेली. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपुरात कायदा मंजूर झाला. ज्या कायद्यासाठी त्यांनी इतकी वर्षं दिली तो त्यांना पाहता आला नाही, हे लिहितानाही हात जड होतो. मसुदा जो टिकला तो नेमक्या अघोरी कृत्यांची यादी करणारा होता. श्रद्धेवर घाला येतोय या आरोपाला ती यादीच उत्तर होती. तुमच्या गटातही आधीच बसून ठरवा: कशावर माघार नाही, कशावर वाटाघाट, आणि काय पुढच्या खेपेला.

निवडणूक नावाची खिडकी

कांद्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. नाशिक-लासलगाव पट्ट्यातले उत्पादक संघटित आहेत, शरद जोशींच्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांना लढ्याची परंपरा आहे. तरीही भाव चढले की निर्यातीवर घाव पडतो. ग्राहकाची संघटना कमकुवत असली तरी शहरातला चिडलेला मतदार कुठल्याही सरकारला नको असतो. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. ती उठली ४ मे २०२४ ला, लोकसभेचं मतदान चालू असताना आणि नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मे ला असताना. तारखा शेजारी ठेवून बघा. निवडणुकीआधीचे सहा महिने तुमची मागणी सगळ्या उमेदवारांकडून लेखी घ्या, सही-तारखेसह. कुठल्याही एका पक्षाला गट बांधू नका. निकाल उलटा लागला तर पाच वर्षं दार बंद होतं.

पैशाबाबत एकच सांगतो: फाईल पुढे सरकवायला कुणाला काही देऊ नका. नीती तर आहेच, शिवाय पुढच्या वेळी मोठं पाकीट घेऊन विरोधक येतो आणि तुम्ही त्याच्याशी त्याच्या मैदानात खेळायला लागता.

आदेश निघाल्यावर

पेढे वाटा, फोटो काढा, आणि दुसऱ्या दिवशी वही उघडा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा निवडून आलेल्या विक्रेत्यांना दिल्या आहेत. इतका चांगला हक्क, पण कितीतरी शहरांत सर्वेक्षण आणि समितीची निवडणूक वर्षानुवर्षं रखडली. समितीत जागा मिळाली तर तिथे दर बैठकीला तयारीने जाणारी दोन माणसं आजच ठरवा, आणि इतिवृत्ताची प्रत मागून घेत जा. न लिहिलं गेलेलं बोलणं तिसऱ्या बैठकीला कुणालाच आठवत नाही.

करार किंवा योजना मुदतीची असेल तर संपण्याच्या तारखेच्या बरोबर एक वर्ष आधीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करा. त्या दिवसापासून नूतनीकरणाचं काम सुरू: झालेल्या कामाचा आकडा, सेवा घेणाऱ्यांच्या सह्या, नव्या अधिकाऱ्याशी ओळख. अधिकारी तीन वर्षांत बदलतो आणि त्याच्यासोबत कार्यालयाची आठवणही जाते. त्याला मागचं सगळं सांगणारी एक फाईल तुमच्याकडे तयार हवी: पहिल्या पानावर पहिल्या निवेदनाची पोच, शेवटच्या पानावर चालू आदेश, आणि मधे सभासदांच्या कार्डांची यादी.